दुपटं

‘दुपटं’ या शब्दातच त्याची शिवण आहे. ‘दु’ म्हणजे दोन, ‘पट’ म्हणजे वस्त्र. मिळून दोन पदरी कापड. हिंदीतला दुपट्टा याच घरातला. तो तरुण मुलींच्या खांद्यावर गेला, आमचं दुपटं बाळंतिणीच्या खोलीत राहिलं. वाटणी काही वाईट झाली नाही!

दुपट्याला नवं कापड चालत नाही. नव्याला खळ असते, ती बाळाच्या अंगाला टोचते. म्हणून आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढायचं. विरलेला भाग कापून टाकायचा, धड राहिलेल्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालायचा. गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवायची; कातडीला लागली तर बाळ रात्रभर घर जागवतं. काठ उरला असेल तर तोच किनारीला.

लुगडं मधेच विरलं, तर विरलेलं काढून उरलेले तुकडे जोडत. त्या जोडाला ‘दंड’ म्हणत. दंड घातलेलं लुगडं पुन्हा नेसायचं, तेही फाटलं की दुपटं, आणि दुपटं जीर्ण झालं की ते गोधडीच्या पोटात. हल्ली दुकानात ‘बेबी ब्लँकेट’ मिळतं. ते एकपदरीही असतं.