डोंगरापलीकडची किरणं आणि बाळंतपणाची पुडी

मी मुंबईतल्या माहुल गावातून बोलतेय. आमच्या एका बाजूला खाडी, एका बाजूला तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आणि पूर्वेला तुर्भ्याचा डोंगर. सकाळी आमच्याकडे सूर्य त्या डोंगराआडून वर येतो. आजची गोष्ट त्या डोंगराच्या पलीकडची आहे.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटानं प्रथमोपचाराची पेटी घेतली. एका ताईंची मुलगी कॉलेजात शिकते. तिनं जखमेवर बांधायच्या पट्टीच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचून सांगितलं, "हे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलंय." झालं! आमच्या मावशींनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "म्हणजे अणूचं? पोराच्या जखमेवर हे लावायचं? परत करा ती पेटी."

मी हसले नाही. माहुलच्या बायका न दिसणाऱ्या गोष्टीला उगाच घाबरत नाहीत. इथं रात्री-अपरात्री वास येतो, डोळे चुरचुरतात. इथल्या हवेसाठी लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. म्हणून त्या दिवशी हिशेबाची वही बाजूला ठेवली आणि आधी माझ्या आजीची गोष्ट सांगितली.

माझ्या आजीची दोन बाळं पाचवीनंतर गेली. दोन्ही बाळंतपणं घरातच झाली. बाळ चांगलं रडलं, दूध प्यायलं. पाचवी पुजली. सटवाईनं येऊन कपाळावर लिहावं म्हणून पाटाशी कोरा कागद ठेवला. आणि सहाव्या-सातव्या दिवशी बाळाचा जबडा आवळला. दूध ओढता येईना, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. घरातले म्हणाले, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. आजी म्हातारपणीही असंच म्हणायची आणि मग बराच वेळ गप्प बसायची.

मैत्रिणींनो, ते सटवाईनं लिहिलेलं नव्हतं. तो धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. ज्या विळ्यानं किंवा पात्यानं नाळ कापली, ज्या दोऱ्यानं बांधली, वर जी राख लावली, त्यातून ते बाळाच्या अंगात गेले. हे जंतू फार चिवट. थोडा वेळ उकळत्या पाण्यात घातलं तरी सगळे मरतीलच असं नाही. मग त्यांना मारायचं कसं? इथं आपली किरणं कामाला येतात.

आता किरणं म्हणजे काय ते पाहू. तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकताय, तो रेडिओच्या लहरींवरून आलाय. चुलीची धग, दिव्याचा उजेड, टीव्हीचा रिमोट, मोबाईल, दवाखान्यातला एक्स-रे आणि ती गॅमा किरणं ही सगळी एकाच कुळातली भावंडं. सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. फरक फक्त लांबीचा. एफएम रेडिओची एक लहर साधारण ३ मीटर, म्हणजे पाचवारी साडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. मोबाईलची अर्धी ते दीड वीत. रिमोटची लहर केसाच्या जाडीपेक्षाही आखूड. उजेडाची त्याहून लहान. एक्स-रे आणि गॅमा तर इतक्या बारीक की त्यांची तुलना थेट अणूशीच करावी लागते.

हे कुळ माणसाला एकदम सापडलं नाही. शंभर वर्षं लागली. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी उन्हाची तिरीप लोलकातून नेली, म्हणजे तिकोनी काचेतून. इंद्रधनुष्यासारखे रंग पडले, तेव्हा त्यांनी एकेका रंगात तापमापक ठेवला. लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथंच पारा चढला. ती न दिसणारी धग, म्हणजे आपली अवरक्त किरणं. पुढच्याच वर्षी जांभळ्याच्या पलीकडची अतिनील किरणं सापडली. १८६५ साली मॅक्सवेल यांनी गणित मांडून दाखवलं की उजेड म्हणजे वीज आणि चुंबक यांची मिळून एक लहर आहे. १८८७ च्या सुमारास हर्ट्झ यांनी रेडिओच्या लहरी करून दाखवल्या. १८९५ मध्ये राँटजेन यांना एक्स-रे सापडले आणि त्यांनी आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठी दिसली. १९०० साली विलार्ड यांनी रेडियममधून निघणारी गॅमा किरणं ओळखली.

मुंबईत या कुळातली सगळ्यात लांब लहर आधी कामाला लागली. २३ जुलै १९२७ रोजी इथं रेडिओ केंद्र सुरू झालं. सगळ्यात आखूड लहरीची पाळी त्यानंतर काही दशकांनी आली, आणि ती आमच्या डोंगरापलीकडे आली. १९५४ साली होमी भाभांच्या पुढाकारानं तुर्भ्याला अणुशक्तीचं केंद्र उभं राहिलं. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तिथं अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी चालू झाली. तिच्या पाण्यात निळसर प्रकाश चमकायचा, त्यावरून पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिलं. भाभांच्या निधनानंतर, १९६७ साली, केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

अणू म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. पण याच तुर्भ्यात १९७४ साली आयसोमेड नावाचं केंद्र सुरू झालं. दवाखान्याचं सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारं हे देशातलं पहिलं केंद्र. कोबाल्ट नावाचा धातू अणुभट्टीत ठेवला की त्यातून गॅमा किरणं निघू लागतात. त्याच्या कांड्या जाड काँक्रीटच्या खोलीत असतात. सामानाचे बंद खोके फिरत्या यंत्रावरून त्यांच्याभोवती जातात आणि बाहेर येतात. किरणं पुठ्ठा, प्लास्टिक सगळ्यातून आरपार जातात आणि जंतूंच्या आतला जीवनाचा धागाच तोडतात. खोका उघडावा लागत नाही. तापवावं लागत नाही, त्यामुळे प्लास्टिकची सिरिंज वितळत नाही. आणि पाकीट बंद असल्यामुळे नवा जंतू आत शिरत नाही.

तिथं कापूस, पट्ट्या, हातमोजे, सिरिंज यांच्याबरोबर आणखी एक वस्तू निर्जंतुक होऊ लागली. सुईणींसाठीची बाळंतपणाची पुडी. नाळ कापायचं पातं, बांधायचा दोरा, पुसायची पट्टी, सगळं एका बंद पुडीत. जिथं दवाखाना लांब आणि सुईण जवळ, तिथं ती पुडी जायची.

सगळं श्रेय काही त्या पुडीचं नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची लस, दवाखान्यातली बाळंतपणं, घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई आणि आशाताई, या सगळ्यांनी मिळून हे काम केलं. २०१५ साली भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हटला म्हणजे जंतू संपले असं नाही. ते मातीत आहेतच. म्हणून लस चुकवायची नाही.

हे ऐकल्यावर मावशींनी नेमका प्रश्न विचारला, "पण ती किरणं पाकिटात राहात असतील ना?" मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पापड उन्हात वाळवता. संध्याकाळी डब्यात भरल्यावर त्यात ऊन राहतं का?" ऊन आपलं काम करून गेलेलं असतं. तसंच हे. कोबाल्ट पाकिटाला शिकत नाही आणि त्याच्या किरणांत दुसऱ्या वस्तूला किरणोत्सारी करण्याएवढा जोर नसतो. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून अशाच केंद्रात कांद्यावर थोडी किरणं सोडतात, म्हणजे त्याला लवकर मोड येत नाहीत. २००७ साली तिथूनच किरणं देऊन आपला आंबा अमेरिकेला गेला. तुमच्यापैकी कुणी उन्हाळी भुईमूग करत असाल तर टॅग-२४ हे वाण ठाऊक असेल. त्यातला 'ट' तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, आणि 'अ' अकोल्याचा. किरणांनी बियाण्यात बदल घडवून, त्यांचे संकर करून ते तयार झालं.

म्हणजे भ्यायचंच नाही का? भ्यायचं, पण ओळखून. रेडिओच्या, मोबाईलच्या लांब लहरी फार तर वस्तू गरम करतात. अतिनीलपासून पुढं, एक्स-रे आणि गॅमा, या जिवंत पेशी मोडू शकतात. जे जंतूला मारतं ते माणसालाही इजा करतं. म्हणून तर काँक्रीटच्या एवढ्या जाड भिंती. म्हणून एक्स-रे काढायच्या आधी पाळी चुकली असेल तर न लाजता सांगायचं. आणि डॉक्टरांनी सांगितलेला छातीचा एक्स-रे नुसत्या भीतीनं टाळायचा नाही. क्षयाचं निदान त्यानं वेळेत होतं. तर तीन प्रश्न विचारायचे: लहर कुठली, किती आणि कशासाठी?

पाकीट घेताना ते कुठं फाटलंय का बघा, मुदतीची तारीख बघा. अशा खोक्यांवर किंवा पाकिटांवर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. किरणं लागली की तो पिवळ्याचा लाल होतो. एकदा उघडलेलं पाकीट मात्र निर्जंतुक राहत नाही. उरलेली पट्टी पुन्हा वापरायला ठेवू नका.

मावशींनी चष्मा लावून तो लाल ठिपका बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "हे आपल्या डोंगरापलीकडनंच आलंय का?" मी म्हटलं, "ते नाही सांगता यायचं. आता देशात अशी बरीच केंद्रं झालीत." त्या काही बोलल्या नाहीत. पाकीट पेटीत ठेवलं, झाकण लावलं.

पेटी आता मावशींच्याच घरी असते. कुणाला काही लागलं की पोरं तिकडंच पळतात. पाकीट उघडायच्या आधी मावशी पोरांकडून हात धुऊन घेतात.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.