आजी, मराठीत असं का नाही?

मे महिन्यात नात आठ दिवस पार्ल्याला राहायला आली होती. हल्लीची मुलं म्हणजे मोबाईल, असा माझा पक्का समज. पण हिच्या पिशवीतून निघालं टोल्कीनचं उशीएवढं जाडजूड पुस्तक! दुपारची जेवणं आटोपली की खिडकीशी पाय पसरून बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. असंच एकदा मधेच मान वर करून म्हणाली, "आजी, मराठीत असं काही का नाही गं?"

जन्मभर मराठी शिकवलेलं असल्यामुळे उत्तर जिभेवर तयारच. "नाही कसं? हातिमताई आहे, कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आहेत..."

"अगं, ते सगळं बाहेरून आलेलं. आपलं, आपल्या लेखकानं मनानं रचलेलं म्हणतेय मी."

मी गप्प. वर्गात उत्तर आलं नाही की "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेता यायची. इथे तीही सोय नाही. ती गेली, प्रश्न मात्र ठेवून गेली. मग जुन्या वह्या काढल्या, टिळक मंदिरातल्या ग्रंथालयात दोन-चार चकरा झाल्या, शब्दकोश मांडीवर घेऊन थोडं इंग्रजीही वाचलं. जे हाती लागलं ते मांडते. चूकभूल द्यावी घ्यावी.

पहिली गंमत तर शब्दातच आहे. इंग्रजीतल्या नॉव्हेलला हिंदीत आणि बंगालीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. आपण आणि आपले कानडी शेजारी मात्र म्हणतो कादंबरी. म्हणजे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव! आणि बाणाच्या त्या ग्रंथात आहे काय? एक पोपट राजाला गोष्ट सांगतो, शापामुळे माणसं पुन्हा पुन्हा जन्म घेतात, प्रत्यक्ष चंद्र राजपुत्र होऊन पृथ्वीवर येतो. ग्रंथ पुरा व्हायच्या आतच बाण गेला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. तेव्हा तुम्ही चाळीतल्या नळावरच्या भांडणावर चारशे पानं लिहा, नाहीतर दुष्काळावर लिहा, तुमच्या पुस्तकाच्या कपाळावर नाव एका अद्भुतकथेचंच असतं. "मराठीत असं का नाही" या प्रश्नाला हे अर्धं उत्तर झालं.

आता दुसरं अर्धं. आधुनिक फँटसीचा उगम शोधणारे बरेच जण जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकापाशी येऊन थांबतात. त्याचं फँटॅस्टीस हे पुस्तक १८५८ सालचं. त्यातला तरुण सकाळी जागा होतो तर खोलीतल्या हात धुण्याच्या भांड्यातून झरा वाहतोय आणि गालिच्याचं खरंखुरं गवत झालंय! तिथून तो परीलोकात शिरतो. पुढे विल्यम मॉरिसने १८९६ साली द वेल अ‍ॅट द वर्ल्ड्स एंड लिहिलं. त्यातली भूमीच सगळी कल्पनेतली.

आणि आपल्याकडे? बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन आलं १८५७ साली. ते विधवांच्या दुःखाचं, अद्भुताशी त्याचा संबंध नाही. पण लगेच १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला आली, १८६६ साली त्यांचीच रत्नप्रभा, आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा. बी.ए.ला असताना ही नावं मी सनावळीसकट पाठ केली होती. पण मॅकडोनाल्ड आणि हळबे यांच्यात अंतर अवघं तीन वर्षांचं आहे, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं! म्हणजे शर्यत आपण उशिरा सुरू केली असं मुळीच नाही.

मग मागे का पडलो? माझ्या मते कारण रिसबुडांनी स्वतःच मंजुघोषेच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लोकांच्या लग्नाच्या रीती वगैरे पाहता आपल्या आयुष्यात ना रंगतदार सद्गुण सापडतात, ना रंगतदार दुर्गुण. रोजचं घडतं तेच लिहिलं तर त्यात वाचणाऱ्याचं मन रमणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताचा आधार घ्यावाच लागतो.

ही प्रस्तावना शिकताना आम्ही हसून सोडून दिली होती. आता वाचली तेव्हा थांबले. लहानपणीच लग्न लावून दिलेल्या मुलीच्या आयुष्यात सांगण्याजोगं काही नाही, असं एक सुशिक्षित गृहस्थ लिहितोय. मग त्याने रचलेला अद्भुताचा देश कशासाठी? तर घराकडे पाहावं लागू नये म्हणून! सज्जन सज्जनच राहतात, दुर्जन दुर्जनच, ताटातूट होते, संकटं येतात, शेवटी सगळ्यांची गाठ पडते. अद्भुतातून बाहेर येणारा माणूस आत गेला होता तसाच कोराकरकरीत बाहेर येतो.

रिसबुडांना उत्तर मिळालं ते हरिभाऊ आपट्यांकडून. पण लक्षात कोण घेतो ही त्यांची कादंबरी १८९० पासून करमणूक साप्ताहिकात येऊ लागली. ज्या घरात सांगण्यासारखं काही नाही असं रिसबूड म्हणाले, त्याच घरातल्या यमूची कहाणी. वाचणारे हेलावून गेले. वास्तव जिंकलं, आणि ते जिंकायलाच हवं होतं. पण त्या जिंकण्यात एक गोष्ट निसटली. अद्भुत म्हणजे पळवाट, हा रिसबुडांचा समज आम्ही सगळ्यांनी जसाच्या तसा ठेवला. ते म्हणाले "पळवाट आहे, म्हणून घ्या." आम्ही म्हटलं "पळवाट आहे, म्हणून टाका." ती पळवाट आहे का, हे कोणी विचारलंच नाही.

आणि मग अद्भुताची रवानगी तळघरात झाली. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकावर आधारलेल्या कादंबऱ्या लिहिल्या: कालिकामूर्ती, इंद्रभुवनगुहा. नाथमाधवांचं वीरधवल १९१३ सालचं. नंतर नारायण धारप. या पुस्तकांची पानं वाचून वाचून मऊ पडलेली असत, पण अभ्यासक्रमात ती नसत. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून ती यायची आणि उशीखाली राहायची. धारप २००८ साली गेले. २०१८ साली तुंबाड हा सिनेमा आला आणि त्याच्या मुळाशी धारपांची कथा आहे असं कळलं, तेव्हा कुठे बऱ्याच घरांत ते नाव मोठ्याने घेतलं गेलं.

तिकडे इंग्लंडातही पंडितांनी नाकं मुरडलीच. फरक असा की तिथे एक मास्तर उभा राहिला. टोल्कीन ऑक्सफर्डला जुनं इंग्रजी शिकवत. उन्हाळ्यात चार पैसे मिळावेत म्हणून शाळांच्या परीक्षेचे पेपर तपासत. असंच एकदा तपासताना कुणा मुलाने कोरं सोडलेलं पान लागलं आणि त्यावर त्यांनी हॉबिटचं पहिलं वाक्य लिहून टाकलं! (मीही गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. कोरं पान आलं की तांबड्या शाईची तिरकी रेघ मारायची, एवढंच सुचलं.) ते पुस्तक १९३७ साली निघालं आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तीन खंड १९५४ आणि १९५५ साली.

पण हा गृहस्थ जगाकडे पाठ फिरवून बसलेला नव्हता. १९१६ साली सोमच्या लढाईत तो खंदकात होता. जिवलग मित्र त्या युद्धात गेले, आणि आजारी होऊन परतल्यावर त्याने आपल्या दंतकथा लिहायला घेतल्या. पुढे १९३९ साली परीकथांवरच्या एका व्याख्यानात त्याने नेमका आपल्याला हवा तो मुद्दा मांडला. तुरुंगातला कैदी सुटकेची धडपड करतो किंवा बाहेरच्या जगाविषयी बोलतो, यात वाईट काय? टीकाकारांचा घोटाळा असा की ते कैद्याच्या सुटकेला रणांगणातून पळालेल्या शिपायाच्या पंगतीला बसवतात. हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले.

या एका कसोटीवर बाकीची मंडळीही लावून पाहिली. टोल्कीनचे मित्र सी. एस. लुइस यांनी तरुणपणी मॅकडोनाल्ड वाचला आणि पुढे १९५० ते १९५६ मध्ये नार्नियाची सात पुस्तकं लिहिली. टोल्कीन नकाशा, भाषा, वंशावळी यांचा पाया घालून मगच भिंत चढवणार. लुइस कपाटाचं दार उघडून मुलांना थेट बर्फात नेणार. टोल्कीनला ही घाई फारशी पटली नाही, आणि मला दोघंही आवडतात! अमेरिकेच्या उर्सुला ले ग्विन यांची अर्थसी १९६८ सालची. जादूगारांची शाळा त्यात आहे, म्हणजे हॅरी पॉटरच्या एकोणतीस वर्षं आधी. हॅरीचा वैरी त्याच्या बाहेर उभा आहे, ले ग्विनच्या सावळ्या नायकाने मात्र गर्वापायी स्वतःचीच सावली मोकाट सोडली आहे. शिवाय तिथे वस्तूचं खरं नाव ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता. मला हसू आलं. रात्री सापाचं नाव घेऊ नये, लांबडं म्हणावं, असं आमची आजी बजावायची. कच्चा माल आपल्या ओटीवर पडलेला होता तो असा.

मग मराठीत एकही कैदी नव्हता का? होता. होती म्हणायला हवं. काशीबाई कानिटकरांचा जन्म १८६१ चा, म्हणजे मुक्तामालेच्याच सालातला. नवव्या वर्षी लग्न. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरातली बोलणी खात. रिसबुडांच्या हिशेबी जिच्या आयुष्यात सांगण्याजोगं काही नाही, अशीच ही मुलगी! त्यांनी १९२८ साली पालखीचा गोंडा लिहिली. एका मुलीला फसवून मंदबुद्धी संस्थानिकाच्या गळ्यात बांधतात. ती राज्यकारभार हाती घेते आणि बायकांच्या हाती सूत्रं असलेलं एक नवंच राज्य उभं करते. त्यात राक्षस नाहीत, जादू नाही. पण १९२८ साली बायका राज्य चालवताहेत, याहून अद्भुत ते काय असणार? रिसबुडांनी घर दिसू नये म्हणून अद्भुत रचलं. काशीबाईंनी घर कसं असू शकतं ते दिसावं म्हणून. माझ्या मते आधुनिक फँटसीची सीमारेषा इथे आहे. चेटूक किती, अजगर किती, यावर ती ठरत नाही.

नाथमाधवांकडेही मी नव्याने पाहते आहे. १९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचे पाय कायमचे गेले. वीरधवल त्यानंतरची. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने साहसाच्या कथा लिहिल्या. त्याला पळपुटा म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता जे सांगायला इतका वेळ लावला ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नववीच्या वर्गात एक मुलगी बाकाखाली धारपांचं पुस्तक धरून वाचत होती. मी ते काढून घेतलं, सगळ्या वर्गासमोर "असला कचरा वाचून मराठी सुधारायचं नाही" असं सुनावलं आणि पुस्तक टेबलाच्या खणात टाकलं. ती इतकंच म्हणाली, "बाई, त्याचं रोजचं भाडं पडतं." मी आठवडाभर दिलं नाही. शिस्त! पुढे वर्ष संपताना कळलं की तिची आई वर्षभर अंथरुणावर होती. दोन धाकटी भावंडं, स्वयंपाक, पाणी भरणं, सगळं करून ती शाळेत यायची. घरी पुस्तक उघडायला वेळच नव्हता, म्हणून वर्गात. तिच्या दिवसातली तेवढीच एक खिडकी होती, आणि ती मी लावून घेतली. पुस्तक परत केलं, पण भाड्याचे पैसे मी दिले नाहीत. तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही.

नातीला फोन करून उत्तर सांगितलं. म्हटलं, मराठीत असं होतं गं. उगम बरोबरीचा होता. पण लिहिणाऱ्याने ते लाजत लिहिलं, शिकवणाऱ्याने ते खणात टाकलं आणि वाचणाऱ्याने ते उशीखाली लपवलं. अशाने झाड कुठून वाढणार?

ती म्हणाली, "मग आता तू काय वाचतेयस?"

उशाशी धारप आहेत. यंदा पहिल्यांदाच, उजेडात, सगळ्यांसमोर.