मनोविकार आणि कर्जव्यवहार

मनोविकार असलेल्या व्यक्तीने घेतलेली कर्जे, इतरांसाठी दिलेले जामीन, तिने केलेले करार आणि ते निस्तरताना नातेवाइकांना असलेले अधिकार व मर्यादा यांचा या नोंदीत विचार केला आहे. त्यासाठी भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, कायदा व व्यवहार आधारभूत धरले आहेत. याबाबत घराघरांत दोन टोकांचे समज आढळतात. ‘त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याची सही चालतच नाही’ हा एक आणि ‘सही केली ना, आता घर विकून फेडा’ हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. निदान झाले म्हणून कर्ज माफ होत नाही आणि निदान झाले म्हणून माणसाचा व्यवहार करण्याचा हक्कही जात नाही. सही करताना त्या व्यक्तीला व्यवहार समजत होता का, हा प्रश्न कायदा विचारतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा कागदपत्रांतूनच मिळते.

आजाराप्रमाणे कर्जाचे रूप बदलते. द्विध्रुवी विकारातील उन्मादाच्या टप्प्यात अफाट खर्च हे आजाराचेच लक्षण असते. झोप कमी, उत्साह उतू जाणारा आणि धंद्याच्या नव्या कल्पना एकामागून एक. आठवडाभरात क्रेडिट कार्डाची मर्यादा संपते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपांतून दोन-तीन कर्जे उचलली जातात. के रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः या आजाराच्या रुग्ण आहेत. 1995 च्या आत्मकथनात त्यांनी उन्मादातल्या खरेदीचे आणि नंतर भावाच्या मदतीने बिले निस्तरल्याचे वर्णन केले आहे. नैराश्यात याच्या उलट घडते. नवे कर्ज होत नाही, पण जुने हप्ते चुकतात, बँकेची पाकिटे न फोडता कपाटात साचतात, फोन उचलला जात नाही. आळस किंवा बेफिकिरी म्हणून घरचे ज्यावर चिडतात, ते आजाराचे लक्षण असते. स्किझोफ्रेनिया व स्मृतिभ्रंशात बाहेरच्यांकडून फसवणुकीचा धोका मोठा: कोणीतरी गोड बोलून जामीनपत्रावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही घेते. औषधांचाही संबंध असू शकतो. पार्किन्सनच्या काही औषधांमुळे जुगाराची व खरेदीची अनावर ओढ निर्माण होते, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून अचानक झालेल्या कर्जाबद्दल डॉक्टरांना सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

कायद्याचा पाया भारतीय करार कायदा, 1872 हा आहे. कलम 11 नुसार करार करणारा शुद्ध मनाचा हवा. कलम 12 ‘शुद्ध मन’ म्हणजे काय ते सांगते: करार करतेवेळी तो समजून घेण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा सारासार विचार करण्याची क्षमता. ‘करतेवेळी’ यावर सारा भर आहे. मनोरुग्णालयात असलेला माणूसही मधल्या बऱ्या काळात करार करू शकतो आणि एरवी ठणठणीत असलेला माणूस तापाच्या भ्रमात करार करू शकत नाही, अशी उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. क्षमता नसताना केलेला करार भारतात मुळापासून शून्य मानतात. इंग्लंडमध्ये तसे नाही. इम्पीरियल लोन कंपनी विरुद्ध स्टोन या 1892 च्या निकालापासून तेथे, समोरच्या पक्षाला ती अक्षमता ठाऊक होती हेही दाखवावे लागते. आपल्याकडे ती अट नाही, ही रुग्णाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सिद्ध करण्याचा भार मात्र अक्षमतेचा दावा करणाऱ्यावर असतो. माणूस दीर्घकाळ अशुद्ध मनाचा होता हे दाखवता आले, तर सही बऱ्या काळात झाल्याचे दाखवण्याची जबाबदारी धनकोवर येते. म्हणून रुग्णालयाचे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या यांवरील तारखा कर्जाच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 25 ने रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे. सही पूर्ण अक्षमतेत झाली नसेल, तरी करार कायद्याचे कलम 16 उपयोगी पडते. वय, आजार किंवा मानसिक त्रास यांमुळे ज्याची क्षमता तात्पुरती वा कायमची बाधित आहे, त्याच्याशी करार करणारा वरचढ स्थितीत आहे असे ते मानते. त्या स्थितीचा गैरफायदा घेतला असेल, तर करार रद्द करून घेता येतो. पण करार रद्द झाला म्हणजे पैसे फुकट मिळाले, असे नव्हे. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 33 नुसार रुग्णाला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला, तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकते. त्याच्या जीवनावश्यक गरजा कोणी भागवल्या असतील, तर करार कायद्याच्या कलम 68 नुसार तो खर्चही त्याच्या मालमत्तेतून वसूल होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याचे कलम 13 अशा व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळवण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देते. मदतनीस नातेवाइकाचे हितच एखाद्या व्यवहारात गुंतले असेल, तर त्या व्यवहारात त्याने मदत करू नये, असेही ते बजावते. भावाचे कर्ज निस्तरताना त्याचा जमिनीतला हिस्सा स्वतःच्या नावे करून घेणारे भाऊ कमी नाहीत. या तरतुदीचे महत्त्व तिथे कळते. 2017 च्या कायद्याने हेही स्पष्ट केले की, सक्षम न्यायालयाने जाहीर केल्याखेरीज केवळ आजार ठरला म्हणून माणूस अशुद्ध मनाचा मानता येणार नाही.

या नव्या व्यवस्थेत एक पोकळी राहिली आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सविस्तर प्रक्रिया होती. 2017 च्या कायद्याने ती रद्द केली आणि तिच्या जागी तशी दुसरी दिली नाही. या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबाबत बोलतो, पैशांबाबत नाही. 2016 च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व हा एक मार्ग आहे. त्यात पालक रुग्णाशी मिळून निर्णय घेतो. तो पुरत नसेल, तर कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. कुलमुखत्यारपत्रावर अनेकांची भिस्त असते, पण करार कायद्याच्या कलम 201 नुसार ते देणारा अशुद्ध मनाचा झाला की मुखत्यारी संपते. ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो निकामी होतो. एका छोट्या दुरुस्तीने हजारो घरांची फरफट वाचेल. ती अजून झालेली नाही, हे क्लेशकारक आहे.

नातेवाईक केवळ नात्यामुळे कर्जाला बांधील नसतात. पती, पत्नी, आईवडील वा भाऊ यांनी सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तरच त्यांच्यावर जबाबदारी येते. मग मात्र ती कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारस मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच देणे लागतात. हिंदू मुलांवरील ‘पितृऋणा’चे जुने बंधन 2005 च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते संपले. वसुलीवाला दारात उभा राहिला की घाबरून ‘आम्ही भरतो’ असे लिहून देणारी घरे पुष्कळ आहेत. असे काहीही लिहून देऊ नये. रुग्णाकडूनही घाईने कर्जाची कबुली घेऊ देऊ नये, कारण मुदतीत दिलेल्या लेखी कबुलीने तीन वर्षांची दाव्याची मुदत नव्याने सुरू होते.

प्रत्यक्ष मदतीची सुरुवात रुग्णाच्या संमतिपत्राने करावी. त्याशिवाय बँक नातेवाइकाशी बोलत नाही आणि तसे न बोलणे योग्यही आहे. एकूण कर्जे किती हे रुग्णाला आठवतेच असे नाही. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हायमार्क या चार कंपन्या वर्षातून एकदा पतअहवाल मोफत देतात. त्यातून बँका व वित्तसंस्थांची कर्जे कळतात. हातउसने आणि सावकारी मात्र विचारूनच काढावी लागते, तीही न ओरडता. बँकेला दिलेल्या पत्रात आजाराचा सगळा इतिहास लिहायची गरज नाही. कोणत्या तारखेपासून उपचार चालू आहेत आणि व्यवहार समजण्याची क्षमता बाधित होती का, एवढे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरते. हप्त्यांची पुनर्रचना मागावी, पुढची पतमर्यादा बंद करायला सांगावे आणि सर्व उत्तरे लेखी घ्यावीत. कमी रकमेत तडजोड केल्यास पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, हे आधी जाणून घ्यावे. अ‍ॅपवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत ठेवली आहे. त्या काळात मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. उन्माद घरच्यांच्या लक्षात लवकर आला, तर ही सवलत फार मोलाची ठरते.

वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नये, कुटुंबीय व मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरू नये, असे रिझर्व्ह बँकेचे 2022 चे आदेश आहेत. संस्थेने 30 दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत आणि महाराष्ट्रात खरी कोंडी तिथेच होते. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधक वसुली दाखला देतो. ‘एकशे एकचा दाखला’ म्हणून तो गावोगाव परिचित आहे. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. दाखला मिळाला की विशेष वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सहायक निबंधकाची नोटीस आली की पहिल्याच तारखेला हजर राहून क्षमतेचा मुद्दा कागदपत्रांसह लेखी मांडणे अत्यावश्यक असते. पगारदारांच्या पतसंस्थेत एकमेकांना जामीन राहण्याची रीत आहे. आजारी सहकाऱ्याने किती जणांना सह्या दिल्या, हेही तपासावे. अवैध सावकारीची तक्रार सावकारी अधिनियम, 2014 नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे होते. अवैध सावकाराने बळकावलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा आदेश काढण्याचे अधिकार त्याला आहेत.

दावा दाखल झालाच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 15 खाली न्यायालय चौकशी करून रुग्णासाठी दाव्यापुरता पालक नेमते. हा अर्ज वेळेत न केल्याने एकतर्फी हुकूमनामे होतात. निव्वळ गरिबीमुळे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात 1980 मध्ये ठरवले आहे. धनादेश न वटल्याचा खटला वेगळा व फौजदारी असतो. त्याकडे दुर्लक्ष करू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तर दिव्यांग व्यक्ती म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आजाराचा भर ओसरलेला काळ पुढची तजवीज करण्याचा असतो आणि ती रुग्णानेच ठरवावी, हे उत्तम. मोठी रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवणे, क्रेडिट कार्ड परत करणे, कर्जाच्या जाहिरातींचे संदेश बंद करणे, ‘झोप सलग कमी झाली तर माझ्या खात्याकडे लक्ष ठेव’ असे बहिणीला सांगून ठेवणे, यांसारख्या गोष्टी त्यात येतात. कार्ड हिसकावून घेतले, तर रुग्ण दुसरे कार्ड लपवून घेतो, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थांकडे अशा कुटुंबांना आधार व मार्गदर्शन मिळते. कर्जाच्या ताणातून आत्महत्येचे विचार येत असतील, तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

इंग्लंड व वेल्समध्ये 4 मे 2021 पासून कर्जदारांना सवडीची एक वैधानिक योजना लागू आहे. मानसिक आरोग्याच्या संकटावर उपचार चालू असेतोवर आणि त्यानंतर 30 दिवस धनकोला योजनेखालील कर्जांवर बहुतांश व्याज व शुल्क लावता येत नाही, वसुलीही करता येत नाही. भारतात अशी तरतूद नाही. येथे ती सवड प्रत्येक बँकेकडे स्वतंत्रपणे मागावी लागते.