पाण्यानं पाणी उपसणारा डोंगर

सन १७८०, हिवाळा. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात, रेबेर्गच्या उतारावर खोदलेल्या पाटाकाठी तुम्ही उभे आहात. पाणी गोठू नये म्हणून पाटावर झाडांच्या फांद्या पसरल्या आहेत. पाटकरी एक फांदी उचलतो, वाकून बघतो. पाणी वाहतंय. तो पुढे निघतो, तुम्हीही त्याच्या मागे चालू लागता. १७७२ साली बांधलेलं त्याचं घर या पाटावरच आहे. रात्री कुठे दरड कोसळली, तरी कुदळ घेऊन त्यालाच धावायचं असतं.

हे पाणी ओडरटाइख तलावातून येतं. खाणवाल्यांनीच १७२२ मध्ये त्याचं ग्रॅनाइटचं धरण पुरं केलं. पावसानं ओढ दिली तरी तीनेक महिने पुरेल एवढा साठा त्यात राहतो. सुमारे सात किलोमीटर चालून तुम्ही सांक्त आंद्रेआसबेर्गला पोहोचता आणि साम्सोन या चांदीच्या खाणीत शिरता.

अंधारात प्रचंड लाकडी पाणचाक घरघरतंय. त्याला कप्प्यांच्या दोन उलटसुलट ओळी आहेत. एका ओळीवर पाणी सोडलं की दगड भरलेलं पिंप वर येतं. दुसरीवर सोडलं की चाक उलट फिरतं. शेजारचं चाक पंप ओढतं, कारण खोल खाणीत सतत पाणी झिरपतं. पाण्यानंच पाणी उपसायचं! पाट आटला की पंप थांबतात, खाण बुडते आणि गावाच्या चुली विझतात.

आता १९१०मध्ये या. खाण बंद पडते, पण पाणी थांबत नाही. लवकरच ते त्याच खाणीच्या उभ्या विवरात उतरून वीज निर्माण करू लागतं. २०१०मध्ये युनेस्को हार्त्समधल्या खाणींच्या अशा सगळ्या जलव्यवस्थेला जागतिक वारशात घेते: १०७ तळी, ३१० किलोमीटर पाट, ३१ किलोमीटर भुयारी मार्ग. त्यातले कित्येक पाट आज कोरडे आहेत.

रेबेर्गचा पाट मात्र वाहतो, कारण आजही माणसं त्यातला गाळ आणि पालापाचोळा काढतात, गळती बुजवतात. वारशाची पाटी एकदाच लावावी लागते. गाळ दर वर्षी साचतो. म्हणून असा पाट खरोखर जपायचा असेल, तर अंदाजपत्रकात आधी पाटकऱ्याचा पगार लिहा.