लाटणं, भत्ता आणि मासळीची पाटी

महागाईचा विषय निघाला की आपण पटकन म्हणतो, "सगळ्यांचेच हाल आहेत हो!" हाल सगळ्यांचे असतात हे खरं, पण सारखे नसतात. मुंबईतली 1972 ते 1974 ही वर्षं बघा.

राज्यात 1972 चा दुष्काळ, धान्य महाग. 1973 च्या शेवटी कच्च्या तेलाचे भाव जगभर चढू लागले, काही महिन्यांत चौपट झाले. घरात रॉकेलची चणचण. 1974 साली देशातल्या घाऊक किमती वर्षभरात 20 टक्क्यांहून जास्त वाढल्या.

आता परळ-लालबागच्या गिरणी कामगाराचं घर घ्या. खोलीचं भाडं 1947 च्या भाडे कायद्याने 1940 च्या पातळीवर बांधलेलं. पगारात महागाई भत्ता, तोही मुंबईच्या निर्देशांकाला जोडलेला. भाव चढले की मागोमाग भत्ता चढायचा. पण 1974 साली सरकारने कायदा करून वाढीव भत्त्यातला अर्धा भाग सक्तीने ठेवीत वळवला. वाढ कागदावर पुरी, हातात निम्मी! तिकडे जुन्या भाड्यात गवंड्याची नवी मजुरी बसेना, म्हणून घरमालक दुरुस्त्या टाळायचे.

शीव कोळीवाड्यातल्या कोळणीला मात्र भत्ता देणार कोण? लोकांना तांदूळ टाळता येत नाही, मासळी टाळता येते. शिवाय पाटीतला माल उद्यापर्यंत थांबत नाही. म्हणजे विकायचं उतरत्या भावात आणि किराणा भरायचा चढत्या भावात.

त्याच वस्तीत फाळणीनंतर पंजाबी निर्वासित येऊन राहिले. 'कोळंबी कोळीवाडा' हे नाव इथलंच. अशी कोळंबी तळून विकणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. तेल आणि बेसन महागलं म्हणून प्लेटचा दर वाढवावा तर गिऱ्हाईक जातं, न वाढवावा तर गल्ला रिकामा.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवलं की लाटणं मोर्चाचं महत्त्व कळतं. 1972 साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकत्र आल्या. बायका थाळ्या-लाटणी वाजवत रस्त्यावर उतरल्या. युनियन भत्ता मागत होती, तो नोकरी असलेल्यालाच मिळणार. या बायका धान्य, तेल, रॉकेल रास्त भावात मागत होत्या. भत्ता नसलेल्या घरांनाही पुरणारी मागणी होती ती. मला वाटतं, पक्षांच्या भिंती ओलांडून बायका त्यामुळेच जमल्या.

आजही निर्देशांक आला की आपल्यासारख्या नोकरदार घरांत आधी 'डीए किती वाढणार?' हाच हिशेब होतो. दारावर येणाऱ्या मासेवालीशी घासाघीस करताना तिला डीए नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

असो. आपल्या मावश्या-आत्यांपैकी कुणी तेव्हा लाटणं घेऊन गेलं होतं का? असेल तर जरूर कळवा.