शेंद्र्याच्या छपराखाली एका प्रश्नाची दोन उत्तरे

१/ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. पुढे तेथेच ऑडीच्या मोटारींचीही जोडणी होऊ लागली. स्कोडा यती, कोडियाक, ऑडी क्यू५ या फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही येथूनच रस्त्यावर आल्या. मात्र त्यांच्या पोटात एकाच जुन्या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे होती.

२/ प्रश्न असा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून अधिक फिरतात. पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना जखडला, तर कोरड्या डांबरावर टायर घासतात आणि यंत्रणेवर ताण येतो. मोकळा सोडला, तर मराठवाड्याच्या काळ्या चिखलात एकच चाक जागच्या जागी गरगरत राहते. मग जोडायचे केव्हा, सोडायचे केव्हा?

३/ दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपने हा निर्णय चालकाच्या हाती दिला. वेगळा दांडा ओढला की पुढचा अॅक्सल जोडला जाई. पक्का रस्ता लागताच तो सोडवावा लागे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत महिंद्राने मुंबईत हीच जीप जोडायला घेतली.

४/ १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फावर ऑडीच्या चाचण्या चालू होत्या. सोबतीला होती इल्टिस ही अवघ्या ७५ अश्वशक्तीची लष्करी गाडी. ती अधिक ताकदीच्या मोटारींना मागे टाकते, हे अभियंता यॉर्ग बेन्सिंगर यांच्या ध्यानात आले. त्यातून १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वात्रो अवतरली.

५/ क्वात्रोत दोन्ही अॅक्सलमध्ये डिफरन्शियल होता. घसरणीवर तो चालकाने लॉक करायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या जागी टॉर्सन आला. त्यातील मळसूत्री दात्यांचे घर्षणच अधिक ताकद हळू फिरणाऱ्या, म्हणजे पकड असलेल्या अॅक्सलकडे वळवते. संगणकाची गरज नाही. पहिल्या पिढीच्या क्यू५ मध्ये हेच तत्त्व होते: एरवी पुढे ४० टक्के, मागे ६० टक्के.

६/ ज्या मोटारींत इंजिन आडवे बसते, त्यांना ही रचना सोयीची नव्हती. १९८६ च्या फोक्सवॅगन गोल्फ सिंक्रोने सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्या वापरल्या. पुढची चाके घसरली की द्रव घट्ट होई आणि मागची चाके ओढली जात. उणीव एकच: आधी घसरायचे, मग मदत यायची.

७/ १९९८ साली स्वीडनच्या हाल्डेक्स कंपनीचा क्लच बाजारात आला. तेलात बुडालेल्या चकत्या दाबल्या की मागचा अॅक्सल जोडला जातो. दाब किती, हे संगणक चाकांचा वेग, अॅक्सिलरेटर व स्टिअरिंग पाहून ठरवतो. आरंभी दाब निर्माण व्हायलाही थोडी घसरण लागे. चौथ्या पिढीत विजेचा पंप आला आणि घसरण्यापूर्वीच दाब तयार राहू लागला. २०१० साली भारतात आलेल्या यतीत ही चौथी पिढी होती, कोडियाकमध्ये पाचवी.

८/ एकाच अॅक्सलचे एक चाक गरगरू लागले तर? संगणक फक्त त्या चाकाला ब्रेक लावतो आणि ताकद समोरच्या चाकाकडे जाते. येथे एक गैरसमज दूर व्हावा. ही यंत्रणा गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नव्हे. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना एसयूव्हीही टायरच्याच भरवशावर असते.

९/ निर्णय असा चालकाच्या हातातून दात्यांकडे आणि दात्यांकडून संगणकाकडे गेला. ही यंत्रे शेंद्र्यात शोधली गेली नाहीत. परदेशातून आलेले भाग तेथे जोडले गेले. म्हणून त्या कामाला कमी लेखणे चुकीचे ठरेल. मुंबईत जीप जोडूनच महिंद्राने सुरुवात केली होती आणि २००२ साली स्वतः आखलेली स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर काढली. या दोहोंत अर्धशतक गेले. शेंद्र्याला तर अजून पंचवीसच वर्षे होत आहेत.