महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचे गाव आहे. संत चोखोबारायांचे हे जन्मगाव, असे परंपरा सांगते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळाबाई, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा; सारे घरच अभंग रचणारे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि 1338 साली चोखोबांचा देह तिच्याखाली पडला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या व महाद्वारापाशी समाधी बांधली. आपण वारीला गेलो की नामदेव पायरी आणि ही समाधी यांच्यापुढे माथा टेकतो आणि मग आत जातो. चोखोबा देहाने दाराबाहेर होते, समाधीनेही तिथेच राहिले. त्यांच्या समाजाला ते दार खुले झाले 1947 साली. मधे 609 वर्षे गेली.

एवढ्या काळात देवाची इच्छा बदलली काय? असे कोणी वारकरी म्हणणार नाही. मग बदलले ते आपले समजणे. पण ते इतके सावकाश का बदलले, याचा विचार केला पाहिजे.

मंदिर खुले करण्यास विरोध करणारे सगळे दुष्ट होते असे मानणे सोपे आहे, आणि ते खरे नाही. त्यांच्यात श्रद्धावान माणसे होती, माळकरीही होते. शास्त्र अनादी आहे, त्यातच देवाची आज्ञा आहे, आज एक नियम मोडला तर उद्या कशालाच आधार उरणार नाही, हे भय त्यांना मनापासून वाटत होते. अमेरिकेत गुलामगिरी राखू पाहणारे आणि ती मोडू पाहणारे एकच बायबल हातात घेऊन उभे होते. तेव्हा केवळ ग्रंथ जवळ आहे म्हणून देवाचे मन कळले, असे होत नाही.

आपल्याकडे तर ग्रंथाबरोबर कथाही होती. महिपतीबोवांनी अठराव्या शतकात भक्तविजय लिहिला, त्यात चोखोबांची आख्याने आहेत. देव स्वतः हात धरून चोखोबांना राउळात नेतो. पुजारी त्यांना चंद्रभागेपलीकडे राहायला लावतात, तर देव तिकडे त्यांच्या घरी जेवायला जातो. चोखोबांना कोणी मारले तर गाल पांडुरंगाचा सुजतो. ही आख्याने कीर्तनात रंगली, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. पांडुरंगाला चोखोबा आत हवे आहेत, हे याहून स्पष्ट कोणी काय सांगायचे? पण कीर्तन संपले की श्रोते घरी जात आणि दार जसे होते तसेच राही. देवाची इच्छा आपल्याला कळली नव्हती असे म्हणवत नाही. ती टाळ वाजवून ऐकली आणि चमत्कार म्हणून बाजूला ठेवली. चमत्कार म्हटले की आपल्यावर काही करण्याची पाळी येत नाही.

चोखोबांच्या घरातच ही समज कशी पुढे सरकली तेही पाहण्यासारखे आहे. चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांत हीन जन्म हे पूर्वकर्माचे फळ म्हणून स्वीकारलेले दिसते. मुलगा कर्ममेळा तेवढ्यावर थांबत नाही. तो थेट देवालाच विचारतो की आम्हाला असे का जन्माला घातलेस. त्या स्वरात राग आहे, आणि तोही भक्तीचाच स्वर आहे. ज्याच्या पाठीवर वळ उठतात त्याला देवाचे मन आधी दिसते, असे मला वाटते. गाभाऱ्याजवळ उभे असणाऱ्यांना ते उशिरा दिसते.

नुसता काळ लोटल्याने दार उघडले नाही. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी मंदिरे आणि विहिरी खुल्या करण्याचे आवाहन केले. मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे आपल्याच संप्रदायातील एका कीर्तनकाराच्या मठाने. 10 मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. गुरुजींनी नवे शास्त्र आणले नाही. चोखोबांची जी गोष्ट आपण गात आलो तीच त्यांनी खरी धरली आणि तिच्यासाठी प्राण पणाला लावला.

इथे विषय संपवता आला असता, पण विदर्भातल्या माणसाला तो संपवता येत नाही. 1948 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. गाडगेबाबांनी पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती सोपवली. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा मार्ग धरला. चोखोबांच्या समाजातली बहुतेक घरे त्या वाटेने गेली, आपल्या जिल्ह्यातलीही. दार उघडून दहा वर्षेही झाली नव्हती. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. समज वाढली, पण ज्यांच्यासाठी वाढायला हवी होती ते तोवर थांबले नाहीत.

आता सोयराबाई. विटाळ देहातच जन्मतो, त्यावाचून कोणाचाही देह घडत नाही, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण, असे त्यांनी अभंगातून विचारले. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी निघते, जिल्ह्यातून दिंड्याही निघतात, त्यात आयाबाया शेकडो कोस चालतात. हा अभंग त्या वाटेवर गातात. आणि त्यांच्यातल्याच कितीजणींना महिन्याचे चार दिवस घरातल्या देव्हाऱ्याकडे फिरकता येत नाही. तो अभंग त्यांना पाठ आहे. घरातल्या बाकीच्यांनाही पाठ आहे.